बाईंचे दोन डोळे

बाईंच्या घरात दुपारपर्यंत केर काढायला मनाई होती. खोली बघायला गेले तेव्हा पाणी कधी येतं, विजेचा मीटर वेगळा आहे का, यातलं काही बोलायच्या आधी बाईंनी मला तेवढं सांगून टाकलं.

"सकाळी झाडू हातात घ्यायचा नाही. कपडे झटकायचे नाहीत. गादी उन्हात टाकायची तर दुपारनंतर. जमेल का?"

मी म्हटलं, जमेल. मला वाटलं, बाईंना दमा असावा.

दमा नव्हता. वर गच्चीवरच्या खोलीत ओलं चित्र होतं.

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे दोन्ही बाजूंच्या शेडमध्ये यंत्रमाग दिवसभर खडखडत असतात, तिथल्या एका गल्लीत बाईंचं घर. रस्त्याकडची खोली मला मिळाली. मागच्या दोन खोल्यांत बाई आणि त्यांची थोरली बहीण राहायच्या. थोरलीला सगळी गल्ली अक्का म्हणायची, तेलुगू बोलणारे शेजारीसुद्धा. बाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई. मी अक्कलकोटची. इथल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नुकतीच कामाला लागले होते. डॉक्टरांच्या आधी पेशंटला खुर्चीत बसवायचं, चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्यातलं प्रेशर मोजायचं, हे माझं काम.

मागांतून कापसाचे बारीक तंतू उडत असतात. आमच्या गल्लीत ते दाराच्या कडीवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या पापडांवर, सगळीकडे बसायचे. तेलरंग कित्येक दिवस ओला राहतो आणि त्यावर बसलेला तंतू निघता निघत नाही. अशा गल्लीत तेलरंगात काम करायचं म्हणजे पिठाच्या गिरणीत बसून काळी साडी सांभाळण्यासारखं होतं. बाई सकाळी लवकर उठून वरच्या खोलीची फरशी ओल्या फडक्याने पुसायच्या, दाराला ओली चादर लावायच्या, आणि मग हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहायच्या. हवेतलं सगळं खाली बसलं असं त्यांना वाटलं की चित्रावरचं कापड निघायचं. चेहऱ्याचं नाजूक काम असलं तर त्या मागांच्या सुट्टीच्या दिवसाची वाट बघत. त्या दिवशी गल्ली इतकी गप्प असायची की खाली माझ्या खोलीत मला वरच्या ब्रशचा आवाज येतोय असं वाटायचं.

"बाई, दुसरीकडे घर का नाही घेतलं?" मी एकदा विचारलं.

त्यांनी वरच्या खोलीच्या उत्तरेकडच्या खिडकीकडे बोट केलं. खिडकीसमोर मोकळी जागा होती, पलीकडे पाण्याची टाकी आणि आभाळ. "हा उजेड दिवसभर हलत नाही," त्या म्हणाल्या. "असा उजेड मला सोलापुरात दुसरीकडे दाखव, उद्या सामान हलवते."

सोलापूरच्या उन्हाला आम्ही सगळे शिव्या देतो. बाई मात्र उन्हाळ्याची वाट बघायच्या. वैरागच्या बाजारातून जवस आणवून त्या ओळखीच्या घाण्यावर तेल काढून घेत. होळी झाली की गच्चीवर इनॅमलचे पसरट ट्रे मांडले जायचे. त्यात बोटभर तेल, वर काच, काचेखाली हवा खेळायला फट, फटीला मलमल. रोज एकदा त्या लाकडी चमच्याने ते ढवळायच्या. सुरुवातीला तेल गढूळ पिवळं दिसायचं. वैशाख सरता सरता ते फिकट होऊन मधासारखं दाटायचं, आणि चमचा उचलला की धार न तुटता खाली यायची. पहिल्यांदा ती धार त्यांनी मला उन्हात धरून दाखवली तेव्हा एखाद्या आईने बाळाचा पहिला दात दाखवावा तसा त्यांचा चेहरा होता.

"पाणी उडून जातं म्हणून वाळतं," त्या म्हणाल्या. "तेलाचं तसं नाही. तेल हवा पितं आणि घट्ट होतं. त्याचं पोट भरेस्तोवर आपण थांबायचं."

ब्रश पुसलेल्या चिंध्या त्या कधी गोळा करून टाकायच्या नाहीत. गच्चीवरच्या तारेवर एकेक चिंधी पसरून, चिमट्यात धरून वाळत घातलेली असायची. शेजारणी हसायच्या. मीही मनात हसले असेन. बाईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण एका उन्हाळ्यात त्यांनी मला वर बोलावलं. लोखंडी घमेल्यात तेलाच्या चिंध्यांचा घट्ट बोळा करून ठेवला होता. "बस आणि बघ," म्हणाल्या. सुट्टीचा दिवस होता, मी सावलीला पेपर वाचत बसले. दुपार कलली आणि घमेल्यातून धुराची रेघ निघाली. काडी नाही, ठिणगी नाही. बाईंनी चिमट्याने बोळा उलगडला तर आतलं कापड तपकिरी होऊन करपलं होतं. मी पाणी आणायला धावले. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"हवा पितं म्हटलं होतं की नाही? पिताना तापतं."

त्या दिवसापासून त्या खोलीत पाय ठेवताना मी जरा दबकून ठेवायला लागले. बाटल्या, डबे, चिंध्या, सगळं जिवंत असल्यासारखं वाटायचं.

कॅनव्हास त्या विकत आणत नसत. शेजारच्या मागावर जाड सुती कापड विणून घ्यायच्या, चौकटीवर ताणायच्या, सरस शिजवून त्यात खडूची पूड कालवून थरावर थर द्यायच्या. सरसाचा वास घरभर पसरला की अक्का नाकाला पदर लावून शिव्या घालायची. दिवसाचं काम संपलं की रंगाच्या काचेवर जे काही उरलं असेल, लाल, हिरवं, पांढरं, ते सगळं सुरीने एकत्र करून त्याचा एक करडा रंग व्हायचा. तो एका डबीत. त्या रंगाचं नाव 'कालचं'. नवं चित्र नेहमी 'कालच्या'ने सुरू व्हायचं. "कोरं कापड मला घाबरवतं," त्या सांगायच्या. "त्याला आधी कालचं लावलं की ते घरचं होतं."

आणि या सगळ्यातून बाई काढायच्या काय? अक्काला.

मला आधी विश्वास बसला नव्हता. भिंतीला टेकवून उभी केलेली, एकामागे एक, पाठ करून ठेवलेली चित्रं मी सरळ करून बघायला लागले आणि प्रत्येकात अक्काच निघाली. तरुण, काळ्या केसांची अक्का. केस पांढरे झाल्यावरची अक्का. दात पडल्यावरची. नोकरी लागल्यापासून बाई रोज सकाळी शाळेच्या आधी अक्काला बसवत आल्या होत्या. त्याच वर्षी नवरा गेल्यावर अक्का सांगोल्याकडचं गाव सोडून धाकटीकडे राहायला आली, तेव्हापासून हे चालू होतं.

"दुसरं कुणी का नाही?" मी विचारलं.

बाईंनी ब्रश पुसला. "घरची मेंढरं होती. दोघींतली एक मेंढरामागं जाणार आणि एक शाळेत, असं ठरलं. अक्का हुशार होती माझ्यापेक्षा. ती म्हणाली, मला उन्हात बरं वाटतं, हिला पाठवा." मग चित्राकडे बघतच म्हणाल्या, "त्या उन्हाचं काय झालं ते मी बघतेय."

अक्काला असल्या बोलण्याचं काही कौतुक नव्हतं. ती स्टुलावर बसायची, मान डावीकडे जराशी कलती ठेवायची, हात गुडघ्यावर, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"धाकटे, नाक झालं का? कालपास्नं नाकावरच हाईस."

"न्हाय झालं. गप बस की."

बाई माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायच्या, पण अक्काशी बोलताना गावाकडचीच भाषा तोंडात यायची.

"माज्या आयनं एका दिसात केलं हे नाक," अक्का मला डोळा घालून म्हणायची, "आन् हिला म्हैना लागतूय."

एवढं बोलूनही ती बसायची मात्र दगडासारखी. मान कधी इकडची तिकडे झाली नाही. कधी उठून चित्र बघायला आली नाही. बाईंनी 'हं' म्हटलं की उठायची आणि भाकरी टाकायला जायची.

मी राहायला गेल्यावर दोनेक वर्षांनी एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. बाईंच्या जुन्या चित्रांतल्या सावल्या निळसर, जांभळट होत्या. अक्काच्या हनुवटीखाली, डोळ्याच्या खोबणीत गार सावली असायची. नव्या चित्रांतल्या सावल्या तपकिरी होत चालल्या होत्या. अक्का नेसायची ते इरकली लुगडं गडद निळं, लाल काठाचं. चित्रात ते काळपट, मातकट यायला लागलं होतं. मला चित्रकलेतलं काही कळत नव्हतं. पण दिवसभर मोतीबिंदूचे डोळे बघणाऱ्या माणसाला आणखी काही कळायची गरजही नव्हती.

धीर करून एका सकाळी म्हटलं, "बाई, तुमचे डोळे तपासूया का?"

"चष्मा ठीक आहे माझा."

"चष्म्याचं नाही. तुम्हाला निळा रंग कमी दिसत असेल असं मला वाटतं."

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. रागावल्या नव्हत्या, उलट त्यांना वाद घालायला काहीतरी मिळालं होतं. "हे बघ. अक्काला मी याच डोळ्यांनी बघते आणि रंगही याच डोळ्यांनी बघते. डोळा पिवळा झाला असेल तर अक्काही पिवळी दिसेल आणि रंगही पिवळा दिसेल. मग चित्रात चूक कशी होईल?"

बिनतोड वाटावा असा प्रश्न होता. आमच्या दवाखान्यात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी दोन ट्यूबा उचलल्या, पाठ करून काचेवर दोन ठिपके पिळले. एक गडद निळा, एक गडद तपकिरी.

"यातला निळा कुठला?"

बाईंनी सुरी उचलली.

"सुरी नाही लावायची," मी म्हटलं. "सुरी लावली तर तुम्ही ओळखाल. नुसतं बघून सांगा."

तेव्हा मला कळलं की त्या इतके दिवस कसं निभावत होत्या. काचेवर प्रत्येक रंगाची जागा ठरलेली होती, आणि कुठला रंग सुरीखाली कसा सरकतो, किती घट्ट लागतो, हे हाताला पाठ होतं. त्या हाताने बघत होत्या. हाताने दोन-चार वर्षं रंग ओळखून काढलेली चित्रं त्या भिंतीला उभी होती, आणि त्यातही अक्का अक्काच होती.

बाई दोन्ही ठिपक्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. वाकल्या, काच उचलून खिडकीशी नेली, परत आणली. मग एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो तपकिरी होता.

त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

"दोन वेगळे रंग एकच दिसायला लागले तर त्यातला एक निवडता येत नाही," त्या हळू म्हणाल्या. मघाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं होतं. "धाकट्या पोरींना मी हेच शिकवायची की गं."

स्टुलावरून अक्का म्हणाली, "काय झालं? उटू का म्या?"

उजवा डोळा जास्त बिघडला होता, म्हणून आधी त्याचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी मीच काढली. थेंब टाकले, भिंतीवरची अक्षरं दाखवली. बाईंनी अक्षरांकडे बघितलंच नाही. त्या समोरच्या बाकावर बसलेल्या अक्काकडे बघत होत्या.

"अक्का," त्या म्हणाल्या, "तुजं लुगडं निळं हाय व्हय?"

"मंग काय काळं हाय? म्या कवा काळं नेसलं?"

बाई उठून जवळ गेल्या. गुडघे टेकायला निघाल्या तशी मी ओरडले, वाकायचं नाही. मग त्यांनी उभ्याउभ्याच अक्काचा पदर हातात घेऊन डोळ्यांसमोर धरला. डावा डोळा हाताने झाकला, मग उजवा, मग परत डावा. दवाखान्यातली सगळी माणसं बघत होती. बाईंच्या नव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं आणि मी घाबरून डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर बघून म्हणाले, डोळा छान आहे, त्या रडतायत फक्त.

काही आठवडे धूळ, टर्पेंटाइन, वाकणं, सगळं बंद होतं. बाई वरच्या खोलीत नुसत्या बसायच्या. जुनी चित्रं मी एकेक सरळ करून समोर ठेवायची आणि त्या कधी या डोळ्याने, कधी त्या डोळ्याने बघायच्या. मला भीती वाटत होती की त्या शेवटच्या काही वर्षांची चित्रं खरवडून टाकतील. तसं झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं असं वाटून मी रोज कामावरून आले की आधी वर जाऊन चित्रं मोजून यायची.

त्यांनी एकालाही हात लावला नाही. दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र म्हणाल्या, "हा डोळा आत्ता करायचा नाही."

"का?"

"नव्या डोळ्याने अक्का म्हातारी दिसते. एकेक सुरकुती, एकेक डाग. खरं आहे ते, मला माहिती आहे. पण एवढी वर्षं मी तिला ज्या डोळ्याने बघितली तो हा आहे." त्यांनी डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "या डोळ्यात ती दिवेलागणीला चुलीपुढे बसल्यासारखी दिसते. हा काढून टाकला की ती अक्का कुणालाच दिसणार नाही. मला आधी ती काढून ठेवू दे."

डॉक्टर चिडले. डाव्या डोळ्यातलं भिंग घट्ट, तपकिरी झालं होतं आणि फुगत चाललं होतं. फुगलं तर प्रेशर वाढेल, आणि मग डोळा कायमचा जाऊ शकतो, हे त्यांनी सरळ सांगितलं. बाई ऐकून म्हणाल्या, "समजलं. थोडे दिवस द्या." शेवटी ठरलं असं की मी दर आठवड्याला प्रेशर बघायचं.

इतकं मोठं कापड त्यांनी पूर्वी कधी ताणलं नव्हतं. त्याला 'कालचं' लावलं, आणि काम सुरू झालं. सकाळी डाव्या डोळ्यावर पट्टी, नव्या डोळ्याने काम. दुपारी पट्टी उजव्या डोळ्यावर. काळ्या कापडाच्या त्या पट्ट्या मीच शिवून दिल्या होत्या. सकाळची काच वेगळी, दुपारची वेगळी. एकाच डोक्यातली दोन माणसं पाळीपाळीने येऊन एकाच बाईला बघून जातायत असं वाटायचं. चित्रात अक्काच्या चेहऱ्याचा खिडकीकडचा भाग सकाळी व्हायचा. तिथे निळी शीर, उन्हाचे डाग, ओठांच्या कडेची भेग, काही सुटत नव्हतं. आतल्या बाजूचा चेहरा दुपारी, जुन्या डोळ्याने. तिथे सगळं उबदार, मधासारखं, कडा विरघळलेल्या. दोन्ही बाजू जिथे मिळायच्या तिथे, नाकाच्या रेषेवर, बाई कधी सकाळी काम करायच्या, कधी दुपारी, आणि तिथला रंग कुठल्या डोळ्याचा ते मला कधीच सांगता आलं नाही. कामावरून आले की मी वर जाऊन दारातच उभी राहायची. दवाखान्यात मी हजारो डोळ्यांत उजेड टाकून आत बघितलं होतं. त्या डोळ्यांतून बाहेर काय दिसतं ते मी पहिल्यांदा बघत होते.

अक्का आता दोन्ही वेळा बसत होती. तिच्या गुडघ्यांना सूज यायची. बाई म्हणायच्या, जरा पाय मोकळे कर. अक्का म्हणायची, "तुजं होऊं दे."

प्रेशर हळूहळू चढत होतं. डॉक्टरांनी थेंब वाढवले, ऑपरेशनसाठी दोनदा निरोप धाडला. बाई म्हणायच्या, झालंच आता.

एका सकाळी अक्काने मला जिन्यावरून हाक मारली. वर गेले तर बाईंचा डावा डोळा लालबुंद, पापणी सुजलेली. कपाळ दुखत होतं, मळमळत होतं, तरी त्या काचेवर रंग मिसळत होत्या. मी बॅटरी मारून बघितलं. बुबुळ धुरकट झालं होतं. भिंग फुगून प्रेशर भडकलं होतं, हे मला कळलं.

"बाई, आत्ताच्या आत्ता निघायचं. रिक्षा आणते."

"तेवढी दुपार होऊ दे," त्या म्हणाल्या. "गालाची कड राहिलीय. या डोळ्याची आहे ती. उद्या हा डोळा असेल की नाही कुणाला माहीत."

"दुपारपर्यंत डोळा जाईल, बाई. मग गालाची कड कशाने काढणार?"

"जाईल तर जाईल. एक आहे की."

मी सांगून बघितलं, ओरडून बघितलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातातून ब्रश ओढून घ्यायचा धीर मला झाला नाही. बाईंनी दुपारचीही वाट न बघता उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि अक्काकडे वळून म्हणाल्या, "अक्का, मान."

अक्का स्टुलावरून उठली. इतक्या वर्षांत, बाईंनी 'हं' म्हणायच्या आधी ती पहिल्यांदा उठली. चालत चित्रापाशी आली, चित्राकडे न बघता धाकटीच्या समोर उभी राहिली.

"म्या बसनार न्हाय."

"अक्का, लई थोडं राहिलंय गं."

"ऱ्हाऊं दे." अक्काचा आवाज चढला नव्हता. "म्या मेंढरामागं गेले ती तुजं डोळं फोडून घ्यायला न्हाय गेले. माजं तोंड हितंच हाय, कुटं पळून जात न्हाय. तू ऊट."

बाईंच्या हातातला ब्रश अक्काने काढून घेतला. तो कसा धरायचा, कुठे ठेवायचा हे तिला माहीत नव्हतं. रंगासकट तिने तो आपल्या पदरात गुंडाळला आणि धाकटीचा दंड धरला. बाई एखाद्या शाळेतल्या मुलीसारख्या तिच्याबरोबर जिना उतरल्या.

दवाखान्यात प्रेशर उतरवायला दोन दिवस गेले. मग ऑपरेशन झालं. डोळा वाचला, मात्र कडेची थोडी नजर गेली ती गेलीच. पट्टी काढल्यावर बाईंनी आधी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. दोन्ही सारखे. तेवढं बघून त्यांनी मान हलवली.

ते मोठं चित्र तसंच राहिलं. गालाच्या कडेला वीतभर जागेत नुसतं 'कालचं' आहे. बरेच लोक येऊन बघून गेले. बाईंचा एक जुना विद्यार्थी, जो आता मुंबईत चित्रकार आहे, चित्रासमोर खुर्ची घेऊन बसला तो जेवायलाही उठला नाही. जाताना म्हणाला, बाई, तेवढी कड पुरी करा. तुम्हाला पाठ आहे ती.

"त्या जुन्या डोळ्याने जिने बघितलं होतं ती गेली," बाई म्हणाल्या. "तिच्या कामात मी कशी हात घालू?"

मला वाटलं, आता त्या थांबतील. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं, एका बाजूची नजर तोकडी. थांबल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. पावसाळाभर त्या कागदाच्या तुकड्यांवर निळ्या रंगाच्या नुसत्या पट्ट्या ओढत होत्या. पांढरा जरा जास्त, जरा कमी, हिरव्याचा थेंब, तांबड्याचा थेंब. गच्चीवरच्या खोलीची अख्खी भिंत त्या पट्ट्यांनी भरली. रस्त्यात चालताना मधेच थांबून म्हणायच्या, "हे बघ, त्या सायकलच्या चाकाखालची सावली. असली मी कधी बघितलीच नव्हती."

आमच्या दवाखान्याच्या लातूरच्या शाखेत माझी बदली झाली. निघायच्या आदल्या सकाळी निरोप घ्यायला वर गेले. फरशी ओली होती, दाराला ओली चादर. मी चादर बाजूला सारून तशीच दारात थांबले, कारण नवं कापड चौकटीवर ताणलेलं होतं आणि बाई समोर उभ्या होत्या. आता त्या उभ्याने काम करत होत्या, तोकड्या बाजूकडचं दिसावं म्हणून सारखी मान फिरवत.

अक्का स्टुलावर येऊन बसली. लुगडं सारखं केलं, हात गुडघ्यावर ठेवले. आणि मग, जी मान न सांगता जागेवर जायची ती कुठे ठेवावी ते तिला कळेना.

"धाकटे," तिने विचारलं, "मान कुटं करू?"

बाई ब्रश हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिल्या. उजवा डोळा झाकला नाही, डावा झाकला नाही.

"कर कुटं बी," त्या म्हणाल्या. "म्या तुला अजून बघितलीच न्हाय."